सुटलेल्या गाठीचं टोक

चाळीस वर्षं मी मासे पकडणाऱ्यांसाठी गाठी बांधते आहे आणि आजवर एकही मासा पकडलेला नाही. खाल्लेलाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की मी सुरमईच्या चार पाककृती देईन. सुरमई पुढून ओळखायची की मागून, हेही मला येत नाही. मला गाठ येते, आणि ती मला दिल्लीत कुणापेक्षाही चांगली येते, असं म्हणायला मी लाजत नाही. मधे काही दिवस लाजत होते. त्याचीच ही हकिगत आहे.

लग्न होऊन मी साताऱ्याहून करोल बागेत आले, तेव्हा सासऱ्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. पुढे बॅडमिंटन, क्रिकेट, कॅरम, आणि मागच्या काउंटरला मासेमारीचं सामान. दिल्लीत समुद्र नाही, आणि जी नदी आहे तिच्याकडे बघून कुणाला मासे आठवत नाहीत. मग हे सामान घेतं कोण, असा प्रश्न मलाही पडला होता. पण घेणारे पुष्कळ. निवृत्त फौजी, चित्तरंजन पार्कातले बंगाली, आणि हल्ली गुरुग्राम-नोएडाच्या कंपन्यांमधली मुलं. कुणी हरियाणातल्या तळ्यांवर रोहू पकडतं. कुणी आठवड्याची रजा टाकून वर पहाडात जातं, रामगंगेला नाहीतर पंचेश्वरला, महसीर पकडायला. महसीर म्हणजे वाहत्या पाण्यातला दांडगा मासा. परवाना काढायचा, उन्हातान्हात उभं राहायचं, मासा लागला तर अर्धा तास त्याच्याशी झुंजायचं, एक फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. सासूबाई विचारायच्या, "सोडायचाच तर पकडता कशाला?" मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

माझा हात क्रोशाला बरा होता, म्हणून सासऱ्यांनी मला मागच्या काउंटरवर बसवलं. काम ऐकायला सोपं आहे. मराठीत गळ, इथल्या हिंदीत काँटा. त्या गळाला हातभर तंगूस, म्हणजे पारदर्शक नायलॉनचा दोरा, बांधून द्यायचा. टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचं. मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यायचे. टोक मागे आणून नेढ्यालगतच्या बारीक फटीतून काढायचं. त्यामुळे वरती एक मोठी फट तयार होते, तिच्यातून ते पुन्हा काढायचं. मग थुंकी लावून सावकाश आवळायचं. कोरडा नायलॉन आवळला की घासून तापतो आणि जिथे तापतो तिथेच कमजोर होतो, म्हणून थुंकी. सासूबाईंना थुंकीचं कळलं तेव्हा त्यांनी माझ्यापुढे पाण्याची वाटी आणून ठेवली. त्या समोर असल्या की वाटी, नसल्या की थुंकी, अशी माझी दहा वर्षं गेली. माझी मुलगी दिल्लीतच वाढली. तिला एकदा "नेढं बघ" म्हटलं, तर म्हणाली, "आई, नेढं म्हणजे?" मी म्हटलं, "सुईचं होल." तेव्हा तिला समजलं.

सुरुवातीला गिऱ्हाइकं मला कारागीर समजायचीच नाहीत. एक कर्नलसाहेब होते, मिशा अशा की पुढचं दिसू नये. मला म्हणाले, "भाभीजी, ज़रा भाईसाहब को बुलाइए." मी सांगितलं, "भाईसाहब रील ठीक करते हैं. गाँठ मैं बाँधती हूँ." त्यांनी शर्टाच्या खिशातून स्वतः बांधलेला गळ काढला, माझा घेतला, दोन्ही दुकानाच्या जाळीला अडकवले आणि दोन्ही हातांनी दोन दोरे ओढले. त्यांचा सुटून हातात आला. कर्नलसाहेबांनी जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छह और बाँध दीजिए." आमच्या ह्यांनी आतून रील पुसता पुसता सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी हे मुद्दाम पुढे आले नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

आमच्या काउंटरची एक पद्धत सासऱ्यांनी घातली होती. मासा सुटून गेला तर दोऱ्याचं टोक घेऊन यायचं. मासेमार माणूस हरून आला की त्याला नाचता येईना अंगण वाकडं. दोराच कच्चा होता, गळच बोथट होता, अमावास्याच होती. पण टोक खोटं बोलत नाही. खडकावर कापलं गेलं तर ते पांढरट आणि खरखरीत होतं. माशाच्या जबड्यात सापडलं तर चपटं. आणि गाठ सुटली असेल, तर टोक काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखं गोल गोल वळलेलं येतं. वेढ्यांतून ओढून निघालेलं असतं ना, तो वळसा त्याच्यात राहतो. लोक औषधाच्या पाकिटात, काडेपेटीत, बसच्या तिकिटात गुंडाळून टोक आणायचे आणि मी बोटाने चाचपून निकाल द्यायची.

एकाने शपथेवर सांगितलं की चाळीस किलोचा मासा होता, दोरा घेऊन गेला. मी टोक पाहिलं. ते ब्लेडने कापलेलं होतं. मी तसं सरळ सांगितलं, चार माणसांदेखत. बिचाऱ्याला बायकोला दाखवायला काहीतरी हवं होतं. आज मी त्याला "मोठाच असणार" म्हणून सोडून दिलं असतं. तेव्हा मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नव्हते. आपली गाठ सुटत नाही ही माझी खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला खरं बोलणं फार स्वस्त पडतं.

गाठ बांधली की टोक अगदी बुडाशी कापायचं, ही माझी खासियत. उरलेल्या टोकाची मिशी दिसता कामा नये. गुरुग्रामचा एक मुलगा मोबाईलवर व्हिडिओ पाहून वीस वेढ्यांची कसलीशी गाठ शिकून आला होता. रॉड नवा, बूट नवे, टोपीवर माशाचं चित्र, पाण्यात अजून पाय घातलेला नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझी गाठ पाहून म्हणाला, "आंटी, ये तो मशीन का लगता है." मला इतका आनंद झाला की टोपी किती हास्यास्पद आहे ते त्याला सांगायचं राहूनच गेलं.

आता वयाचं सांगते. साठीनंतर आधी डोळे गेले, मग बोटं. दिल्लीच्या थंडीत अंगठ्याचा सांधा सकाळी ऐकतच नाही, गरम पाण्यात बुडवून त्याची मनधरणी करावी लागते. पारदर्शक दोरा दिसायचा बंद होतो, तो असा एकदम नाही. आधी उन्हात दिसतो, मग दारात दिसतो, मग फक्त आहे असं वाटतं. मुलीने भिंगाचा दिवा आणून दिला, काउंटरला लावायचा. मी तो खोक्यासकट माळ्यावर ठेवला. भिंग लावून बसलेल्या बाईकडून गाठ कोण घेईल? मी सवयीवर बांधत राहिले, आणि टोक बुडाशी कापत राहिले. बाहेरून माझी गाठ पूर्वीइतकीच देखणी दिसत होती.

पाटणकर साहेब आमचे पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक. मूळचे पुण्याचे, सरकारी इंजिनिअर म्हणून दिल्लीत आले ते इथलेच झाले. बायको गेल्यावर नोएडाला मुलीकडे, मंजिरीकडे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. वर्षातून एकदा, पाऊस सरला की, जावई गाडी काढतो आणि साहेब नदीवर जातात. गळ सगळे माझ्याच हातचे. मागच्या वर्षी नोव्हेंबरात ते नदीवरून परतल्यावर थेट दुकानात आले. चेहरा पडलेला. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आयुष्यातला मासा होता. चाळीस मिनिटं खेळवला. काठाशी आणला, जावयाने पाठ पाहिली त्याची. आणि एकदम हलकं झालं." चष्म्याच्या डबीतून त्यांनी टोक काढून माझ्या हातात दिलं.

ते हातात पडायच्या आत मला कळलं. टोक काकडीच्या ताण्यासारखं वळलेलं होतं. मी चाचपल्यासारखं केलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक नवीन. आणि मी म्हणाले, "दगड. खडकावर कापला गेला."

पाटणकरांनी मान हलवली. "म्हणजे मीच त्याला खडकाकडे जाऊ दिला," ते म्हणाले. "हाताला कळायला हवं होतं." मी टोक मुठीत धरून ठेवलं. त्यांनी परत मागितलं नाही. माझ्या शब्दापुढे त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, रॉड कापडी पिशवीत घालून. तो रॉड त्यांनी बायको असताना घेतला होता, हे मला माहीत होतं. काउंटरवर आडवा ठेवून म्हणाले, "कुणी चांगला माणूस आला तर देऊन टाका. मी बंद केलंय. हातात ती जाण राहिली नाही. चालायचंच."  जिभेला पाय फुटले असते तर ती पळून गेली असती. ते गेले आणि मी खणातले चाळीस तयार गळ काढून वजनाच्या स्प्रिंगच्या काट्याला एकेक अडकवून ओढायला लागले. एका झटक्याने नाही. मासा ओढतो तसं, धरून, सोडून, पुन्हा धरून. सहा सुटले.

सुटलेल्या सहाही गाठींत चूक एकच होती. शेवटी टोक मोठ्या फटीतून काढायचं असतं, ते मी फटीच्या बाहेरून काढत होते. आवळल्यावर दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. हाताने ओढली तरी टिकते. चाळीस मिनिटांच्या झुंजीत मात्र थोडी थोडी सरकते, आणि मी टोक बुडाशी कापलेलं, म्हणजे जरा सरकली की सुटलीच. मिशी ठेवली असती तर कदाचित तो मासा निघालाही असता.

हे येऊन बाजूला उभे राहिले. सुटलेले गळ त्यांनी मोजले नाहीत, नुसते पाहिले. म्हणाले, "तुला दिसत नाही हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला? तोंडावर?" हे म्हणाले. आणि माळ्यावरचं खोकं काढायला शिडी आणायला गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी पहिल्यापासून शिकले. ती जुनी गाठ सोडली. आता मी दोरा दुहेरी करून नेढ्यातून घेते, त्या दुहेरी दोऱ्याची साधी गाठ मारते, आणि जो फास राहतो त्यातून अख्खा गळ काढून घेते. यात डोळ्यांनी बघायचं जवळजवळ काही नाही. डोळे मिटून बांधते आणि मग भिंगाखाली तपासते. दुकानात सगळ्यांदेखत, दिवा लावून. प्रत्येक गळ काट्यावर ओढूनच खणात जातो. टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी मिशी ठेवते. दिसायला पहिल्यासारखं नाही, पण आजवर एकही सुटलेला नाही. गिऱ्हाईक भिंग पाहून पळालं का? उलट एक सरदारजी म्हणाले, "बहनजी, पहली बार किसी को चेक करते देखा है." इतकी वर्षं मी लोकांना उगाच मूर्ख समजत होते.

हे सगळं जमलं, पण पाटणकरांचा रॉड कोपऱ्यात उभा होता. एका रविवारी मी तो उचलला आणि मेट्रोने नोएडाला निघाले. स्टेशनवर तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि शिपाईबाईने मला बाजूला घेतलं. "आंटी, ये डंडा क्या है?"

"मछली पकड़ने का."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नोएडा में?" मग हसत म्हणाली, "जाओ, मिल जाए तो बताना." एरवी मी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि फलाटाकडे निघाले.

दार पाटणकरांनीच उघडलं. "वहिनी? अरे वा! आणि हा परत का आणलात? गिऱ्हाईक नाही मिळालं?"

"शोधलंच नाही," मी म्हणाले. बसले पण नव्हते अजून. बसले असते तर जमलं नसतं. "पाटणकर साहेब, दगड नव्हता. गाठ सुटली. माझी गाठ."

त्यांनी माझ्या हातातला रॉड घेऊन भिंतीला उभा केला. मग "चहा ठेवतो" म्हणून आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने बाहेर आले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि दगड म्हणालात."

"हो."

"कमाल आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी रोज त्या खडकाला शिव्या देतोय. खडकाला कमी, स्वतःला जास्त. जावयाला सांगून टाकलं, बस, खत्म, आता हाताला कळत नाही. मंजिरी तर आता नदीचं नावही काढू देत नाही."

"माफी मागायला आले आहे."

"मासा गेला त्याची माफी कसली? मासे जातातच. पण याआधीची टोकं, वहिनी? पंचवीस वर्षं तुम्ही म्हणालात ते मी मानलं. जबडा म्हणालात, जबडा. दगड म्हणालात, दगड. ती सगळी आता कुणाला दाखवू?"

"ती खरी होती."

"कशावरून?"

 ती खरीच होती, मी आजही शपथेवर सांगेन. पण ज्या तोंडाने सांगायचं, त्या तोंडाची किंमत मीच घालवली होती. मी पिशवीतून नवे बारा गळ काढले आणि म्हणाले, "आता नवी पद्धत आहे. एकेक काट्यावर ओढून घेतलाय. हे ठेवा."

"नको," ते म्हणाले. अगदी सभ्यपणे, पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढू नका म्हणावं तसं. "तुमच्या गाठी नकोत मला आता. मला शिकवा."

मला रडू आलं. पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने तोंडावर नको म्हणणं काय असतं, ते काउंटरमागे बसलेल्यालाच कळेल. पण मी डोळे पुसले आणि जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला. मी सदुसष्टची, ते अठ्ठ्याहत्तरचे, दोघांत मिळून एक धड अंगठा नाही. ते डोळे फाडून दोरा बघायला जायचे आणि तो निसटायचा. मी म्हटलं, "मिटा डोळे. तो बघायचा नाहीये, धरायचाय." गळ तीनदा गालिच्यात पडला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तो शोधत होतो, त्यात त्यांच्याच बोटात घुसला. तेवढ्यात मंजिरी भाजी घेऊन आली. "बाबा! हे काय चाललंय? रक्त येतंय!"

"कुछ नहीं बेटा," पाटणकर जमिनीवरूनच म्हणाले. "शिकवणी लावलीय."

त्यांना पहिली धड गाठ यायला साडेतीन तास लागले. मी दुकानातून आणलेल्या काट्यावर ओढली, टिकली. त्यांनी ती माझ्याकडे तपासायला दिली नाही. मी निघताना चहा मात्र झाला, त्यांनीच केलेला, साखर जास्त.

नंतर ते दुकानात येत राहिले. दोरा घेतात, गळ घेतात, बांधलेले घेत नाहीत. काउंटरच्या कडेला खुर्ची ओढून स्वतःचे स्वतः बांधतात, डोळे मिटून, ओठ मुडपून. नवीन गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतं, माझ्याकडे बघतं, आणि मी पुढचा गळ बांधायला घेते. कुणी विचारलंच तर जे झालं ते सांगते. ही शिक्षा मीच ठरवलेली आहे आणि ती मला सोसते. धंदा कमी झाला नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे कुणी उगाच हळहळायला नको.

मार्चमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. मागे पाण्याचा एवढा आवाज की ते ओरडूनच बोलत होते. "वहिनी! आला! मोठा होता. पस्तीस मिनिटं. मंजिरी पण आलीय, तिने फोटो काढला. सोडून दिला त्याला."

 कुणाची ते मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं, "गाठ कुणाची होती?"

"माझी!" पाटणकर म्हणाले.

इतका अभिमान मी त्या माणसाच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. पंचवीस वर्षं तो मीच ठेवून घेतला होता.